झेड

हातानं चालवली की चालते.
ॲपमधून सोडली की पडते.
साडेअकरापासून एवढंच कळलंय मला
नाशिकच्या त्या कॉम्प्युटरबद्दल.
त्याला मी कधी पाहिलेलं नाही,
पण तो आतून किती तापलाय
ते इथं सोलापुरात, विडी घरकुलात बसून
मला अंशात माहीत असतं.

"दिलेला मार्ग सापडत नाही." कोड एक.
कुठला मार्ग, कुणाला सापडत नाही, काही नाही.
अंबव्वा, माझी आई, पानं कापता कापता म्हणते,
"आमचा चेकर बी तसलाच.
जुडी उचलतो, छाट म्हणतो, बाजूला टाकतो.
का, ते इचारायचं नाही."

फोल्डरच्या नावात एक मोकळी जागा होती,
तिथं कमांड दुभंगते, म्हणून अवतरणचिन्हं घातली.
सर्व्हिस थांबवली, उठवली.
मुदस्सरला फोन केला. तो म्हणाला,
"रीस्टार्ट मार आणि झोप की."
मारला. यादीत तो कॉम्प्युटर राखाडी झाला,
तीन मिनिटांनी हिरवा,
आणि परत कोड एक.

एवढ्यात पाणी आलं.
पाचव्या दिवसाचं पाणी, रात्र बघत नाही.
पिंपात पाइप सोडून उभी राहिले.
बोळात कुणाची तरी घागर आपटली.
"कोण आहे तिकडं?"
"मी."
अंधारात सगळेच मी असतात.

ओल्या हातानं स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ लिहिली,
आधी सांग, तू कोण.
हातानं चालवली तर उत्तर आलं, शिरसाट.
अकाउंट्सच्या मॅडम. त्यांच्याच लॉगिनमध्ये शिरून
मी तासभर शहाणपणा करत होते.
ॲपमधून सोडली. उत्तर आलं, सिस्टिम.

म्हणजे रात्री तिथं कामाला जातो
तो कुणीच नाही.
कॉम्प्युटरमधल्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला,
पण झेड म्हणजे कुठं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
झेड हे मॅडमच्या घरातलं नाव.
त्या आल्या की झेड असतो,
पर्स उचलून गेल्या की नसतो.

आमच्याकडं कुरियरवाला चुकतो, फोन करतो.
आई सांगते, "मल्लेशमच्या किराण्यामागं."
मल्लेशमचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली.
आम्हाला सापडतं बुवा.

झेड खोडला.
दोन तिरप्या रेघांपासून पूर्ण पत्ता लिहिला,
सर्व्हरचं नाव, त्यातलं कपाट, वर्षाचं फोल्डर.
सोडली.
कोड पाच. प्रवेश नाकारला.
मला हसूच आलं. मार्ग सापडला, दार सापडलं,
आता फक्त आत घेत नव्हते.
"कार्ड नसंल त्याच्याकडं," आई म्हणाली, वर न बघता.
तिचं विडी कामगाराचं कार्ड व्हायला
चार वर्षं गेली होती.

सर्व्हरच्या परवानगीच्या यादीत
माणसांच्या नावांखाली
त्या कॉम्प्युटरचं नाव घातलं,
शेवटी डॉलरचं चिन्ह लावून, तशी रीत आहे.
पावणेतीन वाजले होते. पिंप वाहून गेलं होतं.
शून्य.

"काय आलं?"
"शून्य."
"परत छाट?"
"नाही गं. ह्यांच्यात शून्य म्हणजे पास."
तिनं हातातली विडी दोऱ्यानं बांधली, सुपात टाकली.
"बरंय की त्यांचं.
आमच्यात हजार झाल्याबिगर पास नाही."

झोपायच्या आधी स्क्रिप्टमध्ये एक शेरा टाकला,
पुढं कुणी उघडेल त्याच्यासाठी,
बहुतेक माझ्यासाठीच:

इथे झेड लिहू नका.
रात्री शिरसाट मॅडम नसतात.